व्याह्यांच्या तळघरात

रविवारची सकाळ होती. पोहे परतून झाले होते, चहा उकळत होता आणि स्ट्रासबुर्गहून लेकीचा फोन आला. ती तिथं पाच वर्षं नोकरीला आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, बाबा, दोघंही फोनवर या. मी लग्न ठरवलंय. मुलगा तिथलाच, आल्सासचा. स्वभावानं फार चांगला आहे." आम्ही आनंदलो. मग आपल्याकडची नेहमीची चौकशी सुरू झाली : घरी कोण कोण असतं, वडील काय करतात? त्यावर फोनच्या त्या टोकाला क्षणभर शांतता. मग ती हळूच म्हणाली, "त्यांची द्राक्षांची शेती आहे. वाइन करतात. सगळं घर तेच करतं."

आता आमच्याकडे शांतता.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, तेव्हा 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयतां. जिथं वेगळं सांगणं भाग आहे तिथं आपल्या जुन्या पद्धतीनं 'हे' आणि 'ही' असं म्हटलं आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावं.

त्या शांततेचं कारण असं. यांचे थोरले बंधू १९९१ साली गेले. वय एक्केचाळीस. नाशिकला चांगली नोकरी, दोन मुलं, आवाज तर असा गोड की गणपतीत आरती त्यांनीच सांगायची. पण दारूनं माणूस पोखरला. आम्हाला इंग्लंडात फोन आला तेव्हा 'सीरियस आहे' एवढंच कळलं. मिळेल ते विमान धरून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर यांनी कपाटातली पाहुण्यांसाठी ठेवलेली एकुलती एक बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या घरात थेंब आला नाही. ख्रिसमसला ऑफिसातून भेट मिळालेली बाटलीसुद्धा परस्पर शेजाऱ्यांकडे जायची. लेकीला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच ती हळू बोलली.

"तुम्ही याल ना?" तिनं विचारलं. नाही कसं म्हणणार?

सह्याद्रीची आठवण

२०२४ च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी आम्ही निघालो. गाडी बोगद्याच्या रेल्वेवर चढवून फ्रान्सला उतरलो आणि पूर्वेकडे दिवसभर हाकत राहिलो. डिकीत प्रेशर कुकर, गोड्या मसाल्याची बरणी आणि फराळाचे पाच डबे. व्याह्यांकडे पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायचं नाही, हा नियम फ्रान्समध्येही लागू आहे असं आमचं मत.

आल्सास म्हणजे फ्रान्सच्या पूर्व टोकाची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला व्होज पर्वत, दुसऱ्या बाजूला ऱ्हाइन नदी आणि पलीकडे जर्मनी. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजच्या अंगावर रिकामे होतात आणि अलीकडे कोरडी हवा उरते. कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक. शाळेत शिकलेला 'पर्जन्यछायेचा प्रदेश' तो हाच! आपल्याकडे इगतपुरीला धो धो आणि निफाड-सिन्नरला ढगांकडे डोळे, तसंच. द्राक्षाला नेमकं हेच हवं असतं. पायथ्याच्या उतारांवरून मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा 'वाइनचा रस्ता' आहे. तो १९५३ साली सुरू झाला. गावं अगदी चित्रातली, लाकडी चौकटींची घरं आणि खिडकी-खिडकीत फुलं. कोलमार हे बार्थोल्डीचं जन्मगाव. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणारा तोच.

गावांची नावं जर्मन, पाट्या फ्रेंच आणि म्हाताऱ्यांची बोली तिसरीच. हा मुलूख १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परत आला, १९४० मध्ये हिटलरनं गिळला आणि १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्सचा झाला. व्याह्यांच्या आजोबांचा देश, घराचा उंबरा न ओलांडता, तीनदा बदलला. आम्ही सातासमुद्रापार येऊन एकदाच पासपोर्ट बदलला आणि त्यावर अजून चर्चा करतो!

थुंकणं हाही शिष्टाचार

व्याही साठीचे, हाताचे पंजे फावड्यासारखे. विहीणबाई हसऱ्या. जेवणाआधी तळघर दाखवायची पद्धत असावी. लेकीचा चेहरा पडला होता. ती मराठीत पुटपुटली, "बाबा, नाही म्हटलंत तरी चालेल."

पण व्याह्यांनी टेबलावर पेल्यांच्या शेजारी एक उंच भांडं ठेवलं. ते कशासाठी, असं आम्ही विचारलं. लेकीनं भाषांतर केलं, "थुंकायला." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. म्हणजे चक्क पिकदाणी! व्याह्यांनी समजावलं ते असं : हंगामात आम्ही दिवसाला कित्येक पिंपं चाखतो. गिळत बसलो तर दुपारपर्यंत आडवे होऊ. चाखणं हे काम आहे. पिणं वेगळं, ते जेवताना.

हे क्षणभर थांबले आणि त्यांनी पेला हातात घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या संध्याकाळी यांनी चार वाइन चाखल्या आणि चारही त्या भांड्यात गेल्या. हिनं मात्र चौथीला भांडं नाकारलं, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

चाखायची रीत सोपी आहे. पेला एक तृतीयांशच भरायचा आणि खालच्या दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेनं वाइन तापत नाही. आधी रंग पाहायचा. मग न हलवता एकदा वास घ्यायचा आणि गोल फिरवून पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा वास वेगळा येतो. मग छोटा घोट तोंडभर फिरवायचा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला. घशाशी ऊब जाणवली तर अल्कोहोल जास्त. शेवटी गिळा किंवा थुंका, पण चव किती वेळ रेंगाळते ते मोजा.

आल्सासच्या वाइनचं वैशिष्ट्य असं की बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव असतं; फ्रान्समध्ये इतरत्र बहुधा गावाचं किंवा मळ्याचं असतं. चार जाती इथं खानदानी मानतात : रीझलिंग, पिनो ग्री, मुस्का आणि गेवुर्त्सट्रामिनर. बाटली उंच, सडपातळ, बासरीसारखी, आणि १९७२ पासून वाइन त्याच प्रदेशात बाटलीबंद करण्याचं बंधन आहे.

पहिली रीझलिंग. लिंबाची साल, हिरवं सफरचंद आणि स्वच्छ, ताठ आंबटपणा. मग व्याह्यांनी तीच जात, पण बरीच जुनी बाटली उघडली. हिनं वास घेतला आणि दचकून म्हणाली, "अगं बाई, रॉकेल!" लेक भाषांतर करायला कचरली, पण व्याही खूश. बरोबर ओळखलंत म्हणाले! जुन्या रीझलिंगला असा वास येतोच. त्याला कारणीभूत असलेल्या द्रव्याला शास्त्रज्ञ टीडीएन म्हणतात. नाशिकच्या स्वयंपाकघरातला बत्त्यांचा स्टो आम्हाला आल्सासच्या तळघरात भेटला.

तिसरी पिनो ग्री. जरा भारदस्त, मधाकडे झुकणारी. आणि चौथी गेवुर्त्सट्रामिनर. 'गेवुर्त्स' म्हणजे जर्मन भाषेत मसाला. हिचं द्राक्ष गुलाबी सालीचं, पण वाइन पांढरीच, सोनेरी झाक असलेली. पेला नाकाशी नेताच ही म्हणाली, "गुलकंद!" आणि खरोखरच, लिची आणि गुलाबपाकळ्या. यामागेही शास्त्र आहे : 'रोझ ऑक्साइड' नावाचं सुगंधी द्रव्य गुलाबात, लिचीत आणि या वाइनमध्ये, तिन्हीकडे सापडतं.

बोर्डो, बोर्डो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात. इथं एक सांगायला हवं. हिचं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. लहानपणी सुट्टीत घडांची विरळणी करून करून बोटं चिकट झालेली. व्याह्यांना हे ठाऊक नव्हतं.

मळ्यात तोडणी संपली होती, पण काही ओळी तशाच सोडलेल्या. मणी सुरकुतलेले, अर्धे बेदाणे झालेले आणि वर चक्क बुरशी! हिच्यातली शेतकऱ्याची लेक जागी झाली. "औषध मारलं नाही का?" लेकीनं भाषांतर केलं आणि व्याही पोट धरून हसले. ही बुरशी मुद्दाम ठेवलेली. सकाळचं धुकं आणि दुपारचं ऊन मिळालं तर ती द्राक्षातलं पाणी उडवते आणि साखर घट्ट होते. अशा उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन म्हणजे 'व्हाँदांज तार्दीव्ह'. १९८४ पासून तिला कायद्यानं वेगळा दर्जा आहे.

मग ते रोगांवर बोलू लागले. लेकीला शब्द सापडेनात. पण 'मोरचूद आणि चुना' हे हातवाऱ्यांनी समजलं आणि दोघं एकदमच म्हणाले, "बोर्डो!" बोर्डो मिश्रण हे १८८० च्या दशकातलं फ्रेंच संशोधन. निफाडच्या बागेत आजही तोच शब्द चालतो. पुढचा तास लेकीची गरज लागली नाही. हिनं काठीनं मातीत वेल काढून दाखवला : आमच्याकडे थंडीत वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळांसाठी. तुम्ही इथं तोडणी उरकून बसलात आणि माझा भाऊ आत्ता, याच आठवड्यात, कात्री घेऊन बागेत आहे. व्याह्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. एका वेलाची दोनदा छाटणी ही गोष्ट त्यांना आमच्या सगळ्या देवांपेक्षा नवलाची वाटली!

परतताना वाटेत एका ओट्यावर नुकता आंबू लागलेला गढूळ, गोड रस आणि अक्रोड मिळाले. नवी वाइन होण्याआधीची ही अवस्था. सकाळची नीरा दुपारी कशी चुरचुरू लागते, अगदी तसा.

फराळ आणि फजिती

संध्याकाळी डबे उघडले. व्याही म्हणाले, फराळाला वाइन मी निवडतो. आणि एक प्रयोगच सुरू झाला.

भाजणीची चकली आणि चिवडा यांच्याबरोबर क्रेमाँ दाल्सास, म्हणजे तिथली बुडबुड्यांची वाइन. पहिल्या चकलीलाच दोघांचे डोळे चमकले. तळणीचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा धुऊन काढतात; पुढची चकली पहिल्यासारखीच खुसखुशीत लागते. धोका एवढाच की डबा लवकर संपतो.

शंकरपाळ्यांबरोबर कोरडी रीझलिंग मात्र साफ फसली. गोड खाल्ल्यावर ती बिनसाखरेच्या लिंबूपाण्यासारखी लागली. नियम असा की पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, निदान तितकीच. अनारशाला त्यांनी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गेवुर्त्सट्रामिनर काढली. तुपातला अनारसा, खसखस आणि ती वाइन! विहीणबाईंनी अनारशाची कृती लिहून घेतली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे म्हटल्यावर पेन्सिल थांबली, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर आमच्या ताब्यात. मसालेभात, भरली वांगी, चिंच-गुळाची आमटी, काकडीची कोशिंबीर, तिथल्याच ट्राउट माशाला हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तळलेले तुकडे आणि डावीकडे ठेचा. निष्कर्ष असे :

तळलेल्या माशाला कोरडी रीझलिंग उत्तम. लिंबू पिळायचं काम तीच करते.

आमटीला हलकी वाइन चालत नाही. चिंचेपुढे ती पाणचट होते. पदार्थ आंबट तर वाइन त्याहून आंबट हवी, म्हणून इथंही रीझलिंगच तगली.

मसालेभात आणि भरली वांगी यांना किंचित गोड गेवुर्त्सट्रामिनर. लवंग, दालचिनी, खोबरं आणि तो गुलकंदी वास यांचं सख्य जमतं. गेवुर्त्सट्रामिनरमध्ये आंबटपणा कमी असतो, म्हणून आमटीशी मात्र तिचं पटत नाही.

ठेचा आणि चौदा टक्क्यांची कोरडी वाइन एकत्र नको म्हणजे नको. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. व्याह्यांनी हौसेनं दोन्ही एकदम घेतलं आणि पाच मिनिटं ते फक्त कोशिंबीर खात होते. तिखटाला गारवा, थोडी साखर आणि कमी अल्कोहोल हवं.

त्यांच्याकडून आलं मुन्स्टर चीज. वास असा की हे दाराकडे पाहू लागले. पण त्यावर जिऱ्यासारखे दिसणारे कॅरवेचे दाणे भुरभुरवून गेवुर्त्सट्रामिनरबरोबर खाल्लं की वास विसरायला होतो. ही जोडी तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

जे बोलायचं होतं ते

जेवण झालं. व्याह्यांनी सहज विचारलं, "तुम्ही एकही घोट गिळला नाहीत. आवडली नाही का?" लेकीनं भाषांतर न करताच आमच्याकडे पाहिलं. यांनी सांगून टाकलं. भाऊ, त्याचा आवाज, एक्केचाळीस वर्षं, विमान. लेक एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत गेली. आपल्या काकांबद्दल इतकं तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही घरात हा विषय काढतच नव्हतो.

व्याही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या काकांचंही तेच झालं. वाइन करणाऱ्या गावात असं घर नाही असं समजू नका. फक्त आम्हीही बोलत नाही. धंदा आहे ना.

विहीणबाई उठल्या आणि एक बाटली घेऊन आल्या. त्यांच्याच मळ्यातल्या मुस्का द्राक्षांचा न आंबवलेला रस, घरातल्या मुलांसाठी काढून ठेवलेला. तो त्याच दांडीच्या पेल्यात ओतून त्यांनी यांच्यापुढे ठेवला. मुस्काचा वास ताज्या द्राक्षासारखाच असतो. मसालेभाताबरोबर तोही झकास लागतो, ही आणखी एक नोंद.

त्या रात्री आम्हाला बरंच हलकं वाटलं. तीस वर्षं घरात बाटली नव्हती हे खरं, पण दादांचं नावही नव्हतं. ते मात्र चुकलंच.

वाचकांसाठी चार गोष्टी

पहिली : बाटलीवरचे शब्द वाचा. २०२१ च्या हंगामापासून आल्सासच्या पांढऱ्या वाइनवर गोडी लिहिणं बंधनकारक आहे. 'सेक' म्हणजे कोरडी, 'दमी-सेक' किंचित गोड, 'मोएलो' गोडसर (लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखर) आणि 'दू' त्याहून गोड. आपल्या रोजच्या मसालेदार जेवणाला दमी-सेक घ्यावी, फसायची शक्यता कमी.

दुसरी : फार गार करू नका. आठ ते दहा अंश पुरे. फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी काढून ठेवली की सुगंध खुलतो.

तिसरी : गाडी चालवणाऱ्यानं चाखून थुंकावं, किंवा रस प्यावा. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कडक.

चौथी : कुणाला आग्रह करू नका. आपल्याकडे जिलबीचा आग्रह चालतो, पेल्याचा नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की आरोग्याला अजिबात धोका नाही असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. 'एका पेल्यानं काय होतंय' म्हणणाऱ्याला पाहुण्याच्या घरचं काय ठाऊक असतं?

निघायच्या दिवशी नाशिकला आईंना फोन लावला. वय अठ्ठ्याऐंशी, कान तीक्ष्ण. सगळं सांगितलं, वाइनचं, तळघराचं, आणि दादांचं नाव काढलं तेही. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाल्या, "त्याची मुलं येतील ना लग्नाला? त्यांना आधी कळवा." आणि लगेच, "अनारसे हसले नाहीत ना रे?"

लग्न २०२५ च्या जूनमध्ये त्याच गावात झालं. अंतरपाट धरायला दादांची दोन्ही मुलं होती. मंगलाष्टकं संपल्यावर दोन तबकं फिरली, एकात क्रेमाँ, दुसऱ्यात मुस्काचा रस. पेले दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे कोण काय पितंय याची चौकशी कुणी केली नाही. फ्रेंच माणसं पेला उंचावताना 'सांते' म्हणतात, म्हणजे आरोग्य. आम्हीही म्हटलं.

आपल्यापैकी कुणी थालीपीठ, कोंबडी-वडे किंवा पुरणपोळीबरोबर असा प्रयोग केला असेल तर संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. आमचं पुरणपोळीचं अजून जमलेलं नाही.